रिकाम्या खुर्चीचं माप

बाई आल्या तेव्हा म्हातारा सुतार एका खिडकीच्या चौकटीवर रंधा मारत होता. दुपारचे तीन वाजले असतील. दारातून ऊन आत आलं होतं आणि त्या उन्हात भुसा तरंगत होता. बाई उंबऱ्यातच थांबल्या, कारण आत पाय ठेवायला जागा नव्हती.

"आजोबा, एक लहान खुर्ची हवी होती. शाळेसाठी."

या बाई शाळेतल्या, पण शिकवणाऱ्या नव्हेत. ज्या पोरांना दुसरी पोरं छळतात, चिडवतात, कोपऱ्यात गाठतात, त्यांना यांच्याकडे पाठवायचे. जिन्याखाली एक खोली होती, पूर्वी तिथे चेंडू आणि दोरखंड ठेवत. तिथे या बसायच्या आणि पोरांचं ऐकायच्या. पोरं त्यांना 'ऐकणाऱ्या बाई' म्हणायची.

"कोण बसणार तिच्यावर?" म्हाताऱ्याने विचारलं.

"कुणीच नाही."

रंधा थांबला. "मग खुर्ची कशाला करता, बाई? नुसती जागाच सोडा. तिला ना खिळा लागत, ना पॉलिश."

बाई हसल्या. मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. मूल एका खुर्चीवर बसतं. समोर दुसरी खुर्ची, रिकामी. ज्याने छळलं तो समोर बसलाय असं धरून चालायचं आणि मनात साचलेलं सगळं त्याला सुनवायचं. त्याने जे जे म्हटलं ते त्याचं त्याला परत करायचं. ओरडायचं, रडायचं, पाय आपटायचे. सध्याची खुर्ची प्लास्टिकची होती, जरा हात लागला की कोलमडायची, आणि मूल दचकून गप्प व्हायचं.

"ढकलली तरी हलणार नाही अशी हवी. माप काय, अंदाजाने करा. तिसरी-चौथीतलं मूल बसेल एवढी."

अंदाजाने. हा शब्द म्हाताऱ्याच्या कधी पचनी पडला नाही. ज्यांच्या हाताखाली तो शिकला ते सांगत, आधी माणूस बसवायचा, मग लाकूड कापायचं. खुर्ची कुणाची तरी असावी लागते, नाहीतर ती नुसतं टेकायचं लाकूड. पन्नास वर्षांत त्याने माणसाशिवाय एकही खुर्ची केली नव्हती. दुकानाच्या ऑर्डरीची असली तरी रस्त्यावरच्या कुणाला तरी हाक मारून, "जरा बसा हो दोन मिनिटं," म्हणून माप घ्यायचा. लोक हसायचे. पण त्याच्या खुर्चीवर बसलेला माणूस लवकर उठत नसे, हेही खरं.

बाई गेल्या, आणि म्हाताऱ्याने फळ्यांच्या थप्पीमागे हाक मारली.

"भिंगरे, ये इकडे. बस या ठोकळ्यावर."

भिंगरी त्याची नात. तिसरीत होती. एका जागी कधी ठरायची नाही म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. अलीकडे मात्र ती फळ्यांमागे जाऊन बसायची ती तासन्‌तास. ती आली, ठोकळ्यावर बसली. म्हाताऱ्याने बांबूची कामटी घेतली आणि चाकूने खुणा करत गेला. टाचेपासून गुडघ्याच्या वळणापर्यंत एक खूण. गुडघ्यापासून कमरेपर्यंत दुसरी. कोपर कुठे येतं, पाठीचं हाड कुठे टेकतं. खुणा करता करता त्याला तिच्या कानामागे काहीतरी दिसलं. त्याने चिमटीत धरून काढलं. पेन्सिलीला टोक केल्यावर निघते ती साल.

"हे काय गं?"

"काही नाही."

"डोक्यात कसं गेलं?"

 ती दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसून राहिली. पुढे सूनबाईकडून त्याला कळलं. वर्गातली पोरं भिंगरीला 'भुसा' म्हणत होती. आजाच्या मांडीवर लोळून शाळेत जायची ना, केसांत कधीतरी भुशाचा कण असायचाच. मग चार-पाच जणांनी खेळ काढला. सगळ्यांच्या पेन्सिलींच्या साली एका डब्यात साठवायच्या आणि मधल्या सुट्टीत तिच्या डोक्यावर ओतायच्या. कधी तिच्या डब्यातही.

म्हाताऱ्याच्या हातून त्या दिवशी काम झालं नाही. ज्या भुशावर घर चाललं, तोच पोरीच्या डोक्यावर पडला.

खुर्ची मात्र त्याने जीव लावून केली. बुटकी, रुंद पायांची, हातांची. कोपरं गोल घासली, कुणाला लागू नये म्हणून. पोर बरी व्हायची ती बाईंच्याच खोलीत, हे त्याला ठाऊक होतं. भिंगरीलाही बाईंकडे पाठवायला लागले होते.

*

महिना-दीड महिना गेला. खुर्चीचं नाव झालं. बाकावरच ओलं करणारा एक मुलगा होता, तो थांबला. भुवया उपटून काढणाऱ्या एका मुलीला भुवया परत आल्या. एक जण तर इतका सुधारला, की त्याची आई म्हणाली, "आता जरा कमी बोल बाबा, डोकं उठलं." अशी सहा पोरं. बाई रस्त्यात भेटल्या की म्हणायच्या, "आजोबा, तुमच्या हाताला यश आहे."

सातवी भिंगरी. तिचं उलटं चाललं होतं. त्या खोलीत ती गप्प बसायची. बाईंनी एकदा विचारलं, "समोर कोण बसलंय, सांग बघू?"

भिंगरी म्हणाली, "मी."

बाईंना वाटलं, पोर स्वतःकडे बघायला लागली, चांगलं लक्षण आहे. त्यांनी वहीत तसं लिहूनही ठेवलं.

घरी तिचं जेवण सुटलं. चार घास खाल्ले की ताट सारायची. शाळेच्या वेळेत घरी असली तर एकदम दचकायची, मान खाली घालायची, डोळ्यांतून पाणी. कुणी काही बोललेलं नसायचं. सूनबाई कपडे इस्त्रीला घ्यायची, दिवसभर इस्त्रीपाशी उभी. ती म्हणायची, "बाबा, माझ्याशी बोलत नाही, निदान तुमच्याशी तरी बोलते का?" म्हातारा काय सांगणार? लाकडाला चीर गेली तर ती कुठून आली हे त्याला बोटाने कळायचं. पोरीवर हात फिरवला तर काहीच कळत नव्हतं.

मग बाईंचा निरोप आला. खुर्ची खिळखिळी झालीय, बघून जा.

म्हातारा दुपारी गेला. शाळा सुटायला अवकाश होता. बाई कुठल्याशा बैठकीला गेल्या होत्या, शिपायाने खोली उघडून दिली. खोलीला एकच झरोका, तोही वर. आत शिरताच वास आला. ताज्या लाकडाचा, नुकत्या निघालेल्या सालींचा. त्याला नवल वाटलं. लाकूड वाळून महिने झाले होते.

त्याने खुर्ची उचलून उजेडात धरली आणि बोट फिरवलं. ढकलून खुर्ची ढिली होते तेव्हा सांधे बाजूला हलतात. हे तसं नव्हतं. सांधे खाली दबले होते. वरून भार येतो तसे. बैठकीला मधोमध खळगा पडू लागला होता. पुढच्या पायांना आतून, एका उंचीवर, दोन जागी पॉलिश उडालं होतं. पाय हलवणाऱ्या पोराच्या टाचा तिथे लागतात. आणि बैठकीच्या दोन्ही कडांना लाकूड गुळगुळीत, ओलसर... तळव्याएवढं. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून कुणी रोज बसावं, तसं.

"शिपाईदादा," त्याने बाहेर हाक मारली, "हिच्यावर बसतं का हो कुणी?"

"छे! बाई बसू देतात होय? मी एकदा टेकलो तर केवढ्या रागावल्या."

म्हाताऱ्याने सांधे घट्ट केले, सरस भरला. तेवढ्यात बाई आल्या, सोबत एक मुलगा. "आजोबा, पाचच मिनिटं बाहेर थांबाल?" तो बाहेर जिन्याशी थांबला. दार लागलं. आधी काही नाही. मग त्या पोराचा आवाज चढत गेला.

"तू घाण आहेस! तुझ्या डब्याला वास येतो! तुला कुणी खेळायला घेणार नाही, कधीच नाही!"

कुणीतरी त्याला म्हटलेलं ते परत करत होता बिचारा. पाय आपटत होता. आणि त्या आवाजाच्या मधल्या फटींतून म्हाताऱ्याला दुसरा आवाज आला. टक... टक... टक... लाकडावर टाच लागते तसा. हळू, एका तालात.

मुलगा बाहेर आला तो लाल तोंडाने, पण हलका होऊन. म्हाताऱ्याकडे बघून हसलासुद्धा.

म्हातारा घरी आला. भिंगरी चार दिवस शाळेत गेली नव्हती, अंगात कसकस म्हणून. ती पायरीवर बसली होती. हात मांड्यांखाली.

"काय गं बाळा?"

"मी घाण आहे," ती म्हणाली. पाठ केलेलं सांगावं तसं. "माझ्या डब्याला वास येतो. मला कुणी खेळायला घेणार नाही."

म्हातारा तिच्याशेजारी बसला. बसला म्हणण्यापेक्षा खचला. "कोण... कोण म्हणालं तुला?"

"आज तो मुलगा होता. काल ती भुवयांची मुलगी. आजोबा, सगळी येतात आणि मलाच बोलतात. मी काय केलंय त्यांचं?"

*

दुसऱ्या दिवशी तो खुर्ची घेऊन आला. सांधा पुन्हा सुटेल, दुकानात नेऊन नीट करतो, असं बाईंना सांगितलं. खरं सांगायला तोंड उघडलं होतं, पण काय सांगायचं? म्हातारा भ्रमिष्ट झाला असं म्हणाल्या असत्या, आणि प्रेमाने म्हणाल्या असत्या, ते आणखी वाईट.

माप आपण घेतलं, तर माप आपणच मोडू, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. उंची बदलली की खुर्ची तिची राहणार नाही. त्याने खुर्ची आडवी केली, पुढच्या पायावर बोटभर खूण केली आणि करवत लावली. चार-पाच वेळा ओढली असेल.

दुकानामागच्या घरातून भिंगरी किंचाळली.

तो धावला. सूनबाई तिला कवटाळून बसली होती. भिंगरीने डावी टाच दोन्ही हातांत धरली होती. रक्त नव्हतं, कातडं फाटलं नव्हतं. पण टाचेभोवती एक रेघ होती. लाल, सरळ, दोरा ओढल्यासारखी. म्हाताऱ्याने हात लावला तर टाच बर्फासारखी गार.

"काही चावलं का, बाबा? बघा ना! विंचूबिंचू..."

"नाही, सूनबाई."

"मग काय झालं?"

तो उठला. दुकानात परत येऊन करवतीच्या चिरेत सरस भरला, वरून पट्टी घट्ट गुंडाळली आणि ती वाळेपर्यंत पाय हातात धरून बसला. पन्नास वर्षांत त्याने इतक्या हळुवार हाताने काही सांधलं नव्हतं. भिंगरी आठवडाभर लंगडत चालली.

आता तोडायची सोय नव्हती. जाळायची तर बातच नको. कुणाला देऊन टाकावी, तर तो तिच्यावर बसेल, लाथ घालील. त्याने ती जुन्या घोंगडीत गुंडाळली आणि दुकानाच्या माळ्यावर नेऊन ठेवली. त्या रात्रीपासून भिंगरी अंगावरचं पांघरूण काढून टाकू लागली. उकडतंय म्हणायची.

पण ती जेवू लागली. आणि म्हाताऱ्याला एक वाटलं. वाईट पोचतं, तर चांगलं का पोचू नये? तो रोज दुपारी माळ्यावर चढायचा, घोंगडी जरा बाजूला करायचा आणि खुर्चीशी बोलायचा. "शहाणी आहेस तू. तुझ्यासारखी पोर शोधून सापडायची नाही. कुणी काही म्हणो, तू माझी आहेस."  मग खाली येऊन विचारायचा, "भिंगरे, आज काही ऐकू आलं?"

"नाही."

"नीट आठव."

"नाही आलं, आजोबा."

महिनाभर रोज बोलला. गोड शब्द त्या लाकडात शिरतच नव्हते. पॉलिशवरून पाणी ओघळतं तसे ओघळून जायचे.

इकडे शाळेत बाईंनी परत प्लास्टिकची खुर्ची मांडली. पोरं तिच्याकडे बघून गप्प. एक मुलगी म्हणाली, "यात कुणीच नाहीये." ज्या मुलाने बाकावर ओलं करणं सोडलं होतं, त्याचं पुन्हा सुरू झालं. त्याची आई एक दिवस दुकानात आली. उंबऱ्यात उभी राहिली, जिथे बाई उभ्या होत्या तिथेच.

"आजोबा, ती खुर्ची दुरुस्त होत नाही का हो?"

"मोडली, ताई." म्हातारा खोटं बोलला. खाली बघून बोलला.

"तशीच दुसरी? माझा पोरगा सकाळी उठला की म्हणतो, आई, मला मरू दे. आठ वर्षांचा आहे. आठ. दोन महिने हसला होता तो तुमच्या खुर्चीमुळे... तुम्हालाही नात आहे ना?"

"आहे," म्हातारा म्हणाला.

ती गेली. तो उठला. कामटी घेतली, ठोकळ्यावर बसला आणि स्वतःचं माप स्वतःच घेऊ लागला. टाचेपासून गुडघ्यापर्यंत. गुडघ्यापासून कमरेपर्यंत. पाठीचं माप घेता येईना, तेव्हा भिंतीला टेकून कोळशाने रेघ मारली. पडू देत शब्द, म्हणाला. आपली पाठ रुंद आहे. सत्तरी ओलांडली, आता काय बिघडायचंय?

आठ दिवसांत नवी खुर्ची शाळेत गेली. म्हातारा घरी येऊन वाट बघत बसला. शाळा भरायच्या वेळी अंग आवळून धरायचा. कुणी घाण म्हणेल, कुणी नकटा म्हणेल, कुणी म्हणेल मर. काही आलं नाही. एक दिवस, दोन दिवस, पंधरा दिवस. काहीच नाही.

शेवटी तोच गेला बाईंकडे. "पोरं बोलतात का हो, बाई?"

बाईंचा चेहरा उतरला होता. "काय सांगू, आजोबा. समोर बसतात आणि गप्प होतात. मी म्हणते, रागाव त्याला. तर म्हणतात, यात एक आजोबा बसलेत, त्यांना कसं रागवायचं? बिचारे आहेत. एका मुलाने तर काल आपल्या डब्यातला घास त्या खुर्चीवर ठेवला."

म्हातारा जिन्याशी येऊन उभा राहिला. मधली सुट्टी झाली होती. तो मुलगा भिंतीला पाठ लावून उभा होता, चड्डी ओली, आणि तिघे जण त्याच्याभोवती नाक धरून नाचत होते. म्हाताऱ्याने हाक मारली, तशी ती पांगली. पाच पावलं गेली आणि पुन्हा जमली.

*

वर्ष गेलं. तो मुलगा शाळा सोडून गेला, कुठे ते कुणी सांगितलं नाही. भिंगरी मात्र सावरली. चौथीत एक मैत्रीण मिळाली तिला, फार बोलणारी. दोघी पायरीवर बसून खिदळायच्या. एक दिवस भिंगरी म्हणाली, "आजोबा, मला अभ्यासाला एक स्टूल करून द्या ना. माझ्या मापाचं."

म्हाताऱ्याचा हात थबकला. पण पोर इतक्या दिवसांनी काहीतरी मागत होती. त्याने कामटी घेतली, तिला ठोकळ्यावर बसवलं. गुडघ्यापर्यंतचं माप जुन्या खुणेच्या दोन बोटं वर आलं. चांगली दोन बोटं! म्हाताऱ्याला हसूच फुटलं.

"वाढलीस की गं!"

"मग? वाढणारच!"

त्याच्या मनात आलं ते इतकं साधं होतं, की आजवर सुचलं कसं नाही याचं त्याला नवल वाटलं. पोर वाढते, लाकूड वाढत नाही. आता ती खुर्ची तिच्या मापाची राहिली नाही. उद्या दहा बोटं वाढेल, मग खुर्ची कुणाचीच नाही. सुटली पोर! आपण काही केलं नाही, तिच्या हाडांनीच सोडवलं तिला.

तसाच कामटी घेऊन तो शिडी चढला. गुडघे कुरकुरत होते, पण चढला. माळ्यावर कौलांच्या फटीतून उन्हाची एक तिरीप आली होती. त्याने घोंगडी सोडली आणि खुर्चीच्या पायाला कामटी लावली.

बैठकीची कड नव्या खुणेला लागली. बरोब्बर.

त्याने कामटी पुन्हा लावली. मग दुसऱ्या पायाला. मग हातांना, कोपराच्या खुणेशी. पाठीला. सगळीकडे दोन-दोन बोटं.  खालून काही लागलंय का, लाकूड ओल धरून फुगलंय का, म्हणून त्याने खुर्ची उचलली आणि उलटी केली.

"आजोबा..." खालून, अंगणातून, भिंगरीचा आवाज आला. मैत्रिणीशी खेळता खेळता मारावी तशी साधी हाक. "उलटं नका ना करू. चक्कर येते मला."

म्हाताऱ्याने खुर्ची सुलटी केली. झोपलेलं पोर मांडीवरून खाली ठेवावं तशी, दोन्ही हातांनी, आवाज न करता. घोंगडी पुन्हा गुंडाळली. कामटी मोडावीशी वाटली, पण मोडवेना. तिच्यावर आता दोन खुणा होत्या, आणि वर बरीच कामटी शिल्लक होती.